मणेराजुरीतला चौथा कॅमेरा

“ड्रायव्हर दुरुस्त करायला आलीयास म्हणं तू?”

मी मशीनच्या मागं उकिडवी बसून कॉम्प्युटरचं झाकण उघडत होते. मान वळवून पाहिलं. डोक्याला निळा टॉवेल गुंडाळलेली, साठीला टेकलेली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“हो,” मी म्हणाले. “बस ड्रायव्हरमध्ये जरा गडबड आहे.”

“बशीचा ड्रायव्हर? त्यो हितं बेदाण्यात कशाला शिरलाय?”

तिच्या मागं निवडीच्या सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या वीस-बावीस बायका खो खो हसल्या. मीही हसले. पण माझं हसू काही पोटातून आलेलं नव्हतं. मला तिथं येऊन दुसरा दिवस उजाडला होता आणि त्या ड्रायव्हरमध्ये नेमकं काय बिघडलंय याचा मला अजिबात पत्ता लागलेला नव्हता.

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, घर मिरजेला, नोकरी सांगलीला, नोकरीला लागून आठ महिने झालेले. आमची कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड आणि सात माणसं. आम्ही बेदाणा निवडायचं मशीन बनवलं होतं. बेदाणा वरून चार पन्हळींतून खाली घसरत यायचा. प्रत्येक पन्हळीवर एक कॅमेरा. कॅमेऱ्याला काळा, डागी किंवा काडी चिकटलेला दाणा दिसला की बाजूनं हवेची फुंकर सुटायची आणि तो दाणा उडून वेगळ्या क्रेटमध्ये पडायचा. आमचं पहिलंवहिलं मशीन मणेराजुरीला भूपाल चौगुले आण्णांच्या बेदाणा युनिटात पारखायला म्हणून बसवलं होतं. आण्णांना पटलं तर ते ठेवणार होते, आणि आजूबाजूच्या चौदा युनिटांचे मालकही घेणार होते. नाही पटलं तर मशीन टेम्पोत घालून परत सांगलीला, आणि दोन वर्षांचं काम शेडच्या कोपऱ्यात.

ते चौदा मालक त्याच दिवशी दुपारी तीन वाजता बघायला यायचे होते.

मशीन बसवणारे इर्शाद मुलाणी. आम्ही सगळे त्यांना इर्शादभाई म्हणायचो. मोठा गोड माणूस. मशीन उतरवताना हमालांनासुद्धा ‘साहेब’ म्हणायचा. मंगळवारपासून त्यांचे फोन सुरू झाले होते, “शर्वरी, तीन कॅमेरे गायब झालेत गं.” आणि गुरुवारी मी तिथं पोचले तर चारही कॅमेरे हजर! पॅनेलवर चार हिरवे दिवे लागलेले, चारही पन्हळींतून फुंकरा सुटतायत. गुरुवार गेला, शुक्रवारची सकाळ झाली, तरी तेच. आजारी म्हणून डॉक्टरला बोलवावं आणि रोग्यानं अंगणात लगोरी खेळत बसावं, तसं झालं होतं.

रोग कुठं असणार हे मला माहीत होतं. कॉम्प्युटरचे वेगवेगळे भाग ज्या रस्त्यावरून एकमेकांशी बोलतात त्याला बस म्हणतात, आणि त्या रस्त्यावरची व्यवस्था लावणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. आमच्या चारही कॅमेऱ्यांच्या तारा एकाच कार्डात यायच्या. ते कार्ड कॉम्प्युटरच्या एका रुंद खाचेत बसायचं आणि त्या खाचेतून आत जायला सोळा लेन होत्या. त्या सोळा लेनचे चार भाग करून प्रत्येक कॅमेऱ्याला चार-चार लेन द्यायच्या, ही वाटणी मशीन सुरू होताना ड्रायव्हरनं करायची. ती झाली नाही तर कॉम्प्युटर समजायचा, सोळाच्या सोळा लेन पहिल्या कॅमेऱ्याच्याच. बाकीचे तिघं बाहेर ताटकळत.

वाटणी करणारी ती फाइल आमच्या मालकांनी, जिनेंद्र उपाध्ये सरांनी, स्वतः लिहिलेली होती. फाइलच्या डोक्यावर त्यांनी टाइप करून ठेवलं होतं – ‘मला विचारल्याशिवाय हात लावू नये. जि. उ.’ सर एरवी मऊ माणूस, पण त्या फाइलला हात लावला म्हणून माझ्या आधीच्या मुलाला त्यांनी दिवसभर सोल्डरिंगला बसवलं होतं. मी हात लावलाच नव्हता, फक्त वाचत होते. ओळ न् ओळ वाचली. चार, चार, चार, चार. आकडे बरोबर होते.

“मग बिघडलेलंच नाही असं समज,” इर्शादभाई म्हणाले. “तीन वाजेपर्यंत नीट चालू दे. त्याच्याकडं बघूसुद्धा नकोस.”

साडेदहाला चहा आला. टॉवेलवाली बाई बशीत चहा ओतून फुंकर मारत माझ्याजवळ येऊन बसली. तिचं नाव मालन माळी. सगळं युनिट तिला मालनआक्का म्हणायचं. चौतीस वर्षं बेदाणा निवडत होती ती. आण्णासुद्धा नवा माल आला की आधी तिच्या हातावर टाकायचे, असं इर्शादभाईंनी मला सांगितलं होतं. मशीन आल्यापासून ती त्याच्याभोवती घिरट्या घालायची, निवडलेल्या क्रेटमध्ये हात घालायची आणि काडीवाला दाणा सापडला की चिमटीत धरून उंच दाखवायची. मला वाटलं, हिला हे मशीन जायला हवंय. वाटणारच. त्यात तिचं काही चूक आहे असंही मला वाटलं नव्हतं.

“आज बरं चाललंय तुझं मशीन,” ती म्हणाली. “सकाळधरनं लाईट गेलेली न्हाई.”

“लाईटचा काय संबंध, आक्का?”

“संबंध मला काय ठावं? मी दाणा बघती. लाईट जाऊन आली की ह्या तीन पन्हळींतला माल हाय तसा खाली येतोय, काड्यांसकट. मग इर्शाद कसलं तरी बटण दाबतोय, मग चालतंय.”

मी कप खाली ठेवला. “असं किती वेळा झालं?”

“मंगळवारी दोनदा. बुधवारी जेवायच्या आधी एकदा. काल तू आलीस तवा लाईट गेलीच न्हाई.”

“हे तुम्ही कुणाला सांगितलं का?”

“ह्याला. तीनदा.” तिनं हनुवटीनं इर्शादभाईंकडं खूण केली.

इर्शादभाईंनी मान खाजवली. “बोलल्या होत्या त्या. पण लाईट गेली की सगळंच बंद पडतं ना? त्यात सांगण्यासारखं काय? आणि रिस्टार्ट केलं की येतात की चारही.”

रिस्टार्ट केलं की येतात. हे वाक्य त्यांनी फोनवर मला एकदाही सांगितलं नव्हतं.

मी परत ती फाइल उघडली. या वेळी आकडे वाचले नाहीत, फक्त क्रम बघितला. कुठली गोष्ट आधी होते, कुठली नंतर. आणि पाच मिनिटांत मला ते दिसलं. फाइलमध्ये आधी कार्डाला जागं केलं होतं, आणि मग जवळजवळ तीनशे ओळींनंतर त्याला सांगितलं होतं की बाबा रे, सोळा लेनचे चार भाग कर. तोवर कार्ड जागं होऊन सोळाच्या सोळा लेन पहिल्या कॅमेऱ्याला देऊन मोकळं झालेलं असायचं. वाटणीचा हुकूम उशिरा पोचायचा, पण कार्डात लिहिलेला राहायचा. त्यामुळं नुसतं रिस्टार्ट केलं की पुढच्या वेळी कार्ड योग्य वाटणी घेऊनच जागं व्हायचं. पण वीज पूर्ण गेली की ते सगळं विसरायचं. सांगलीच्या शेडमध्ये आम्हाला इन्व्हर्टर होता. पाच महिन्यांत आमच्या कॉम्प्युटरची वीज एकदाही पूर्ण गेली नव्हती. आणि इथला यूपीएस अजून यायचा होता.

“इर्शादभाई,” मी म्हणाले, “कॉम्प्युटरची वायर काढा. सरळ ओढून काढा.”

“वेडीबिडी झालीस का?”

“काढा तर.”

त्यांनी वायर काढली, दहा आकडे मोजले, परत लावली. दीड-पावणेदोन मिनिटांनी पॅनेलवर एक हिरवा दिवा लागला. एकच. बाकी तीन काळे.

मी टाळी वाजवली. इर्शादभाई माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी कुणाच्या तरी दहाव्याला पेढे वाटतेय.

“सापडलं!” मी म्हणाले.

“काय सापडलं? होतं ते गेलं!” त्यांनी घाईनं रिस्टार्टचं बटण दाबलं. चार दिवे आले तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. “हे बघ शर्वरी, आता मी सांगतो ते ऐक. आण्णांना सांगून आजच्या दिवस सगळं जनरेटरवर चालवू. लाईट जायचा प्रश्नच नाही. ते लोक बघून गेले, की मग तू आहेस आणि तुझा ड्रायव्हर आहे. चालत्या मशीनला आता हात लावायचा नाही.”

“आणि उद्या लाईट गेली की?”

“उद्याचं उद्या बघू.”

त्यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं, हे मला आजही मान्य आहे. मी सरांना फोन लावला. तो काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उचलला.

“अगं, त्यांना आत्ताच आत नेलंय. मोतीबिंदू ना! तासाभरात बाहेर आणतील म्हणे, पण डोळ्याला पट्टी असणार. काही निरोप आहे का?”

“त्यांना सांगा काकू, मी त्यांच्या फाइलला हात लावतेय.”

“लाव की बाई,” काकू म्हणाल्या. “त्यात विचारायचं काय?”

एवढी परवानगी मला पुरली.

मी वाटणीच्या ओळी उचलून वर आणल्या. आधी कार्डाला झोपलेलंच ठेवायचं, त्याला वाटणी सांगायची, आणि मग जागं करायचं. वायर काढली, लावली. इर्शादभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. दिवे लागले – दोन.

“आधी एकच होता,” मी म्हणाले. “म्हणजे सुधारणा आहे.”

“तू माझी नोकरी घालवणारेस.”

कार्ड हुकूम ऐकत होतं, पण त्याला तो अंगवळणी पाडायला जरा सवड लागत होती. मी हुकूम आणि जागं करणं यांच्यामध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उसंत घातली. वायर काढली, लावली. चार दिवे. परत काढली, लावली. चार दिवे. मला निदान वीस वेळा तसं करून बघायचं होतं. दोनदा जमलं म्हणजे झालं असं नसतं. पण बाहेर जीपांचे हॉर्न वाजले. मंडळी वीस मिनिटं आधीच आली होती.

चौदा मालक, दोघातिघांचे भाऊबंद, आणि पुढं पांढऱ्या पायजम्यातले चौगुले आण्णा. इर्शादभाईंनी केस नीट केले आणि मशीन सुरू केलं. पाऊण तास ते असे बोलले की मलासुद्धा ते मशीन विकत घ्यावंसं वाटलं. क्रेटमागून क्रेट स्वच्छ सोनेरी बेदाणा खाली येत होता. मालक मंडळी मुठी भरभरून बघत होती, तोंडात टाकत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. लाईट गेली नाही. ना झटका, ना दिवा मंद झाला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात मिनिटं मोजत होते.

“काय मालन?” आण्णांनी शेवटी विचारलं. “तुझं काय म्हणणं?”

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. मालनआक्का पट्ट्यावरून उठली, हात झटकत पुढं आली.

“माल चांगला निवडतंय,” ती म्हणाली. “पर एकदा लाईट घालवून दावा.”

इर्शादभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. “आता कशाला, आक्का? पाहुण्यांना उशीर होईल.”

“लाईट यायला कुठं मुंबईवरनं यायची हाय? हे काय, खटका हितंच हाय.” ती मेन स्विचपाशी जाऊन उभीसुद्धा राहिली. “घालवू का?”

आण्णांनी इर्शादभाईंकडं बघितलं. इर्शादभाईंनी माझ्याकडं. आणि मग त्या शेडमधली सगळी माणसं, पट्ट्यावरच्या बायांसकट, माझ्याकडं बघायला लागली. मला मालनआक्काचा असा राग आला होता की काय सांगू. एवढं छान पार पडलं होतं. ‘नको’ म्हणायला मला एक शब्द पुरला असता, आणि तो जिभेवर आलाही होता.

“घालवा,” मी म्हणाले.

खटका खाली आला. पंखे, पट्टे, बेदाणा धुण्याचं मशीन, सगळं एकेक करून गप्प झालं. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं तेवढाच आवाज. आक्कानं बऱ्यापैकी वेळ जाऊ दिला आणि खटका वर केला.

कॉम्प्युटरला जागं व्हायला एक मिनिट चाळीस सेकंद लागायचे. एवढ्या लोकांसमोर ते फार होतात. कुणीतरी खोकलं. कुणीतरी विचारलं, “बंदच पडलं का काय?” इर्शादभाई छताकडं बघत होते.

पहिला दिवा लागला. मग दुसरा. तिसरा लागला तेव्हा मी भिंतीपासून सुटी झाले. चौथा लागेना. मी एक, दोन, तीन मोजलं. चार मोजलं. पाचव्या आकड्याला चौथा दिवा लागला.

मालनआक्कानं टाकाऊ क्रेटमधून ओंजळभर काळा, काडीचा माल घेतला आणि सरळ चौथ्या पन्हळीत ओतला. फट् फट् फट् फट् फुंकरा सुटल्या. खालच्या चांगल्या क्रेटमध्ये तिनं कोपरापर्यंत हात घालून चाळलं. वाकून, डोळे बारीक करून, एकेक थर उलटा करून. सगळे थांबले होते.

“न्हाई,” ती म्हणाली. “एक बी न्हाई.”

बायांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

“मग आधी काय होत होतं?” आण्णांनी मला विचारलं. “परवा मीच बघितलं होतं, काड्या येत होत्या.”

इर्शादभाई माझ्या पायावर पाय द्यायच्या बेतात होते, पण मी जरा लांब उभी होते. “आमची चूक होती,” मी म्हणाले. “आत सोळा लेन आहेत. त्यांची चार कॅमेऱ्यांत वाटणी व्हायला हवी. आमचा प्रोग्रॅम कार्ड आधी सुरू करायचा आणि वाटणी मागाहून करायचा. आज दुपारी क्रम बदललाय.”

मालक मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटलं, झालं, आता सगळे उठणार. तेवढ्यात सावळजचे एक म्हातारे द्राक्ष बागायतदार हसत म्हणाले, “म्हणजे सरींची दारं धरायच्या आधीच बागेतली मोटर चालू केलीसा की! समदं पाणी पयल्याच सरीला.”

“अगदी तसंच,” मी म्हणाले.

“आमच्या थोरल्यानं कितींदा केलंय,” दुसरे कुणी तरी बोलले, आणि शेडभर हशा झाला. पुढची दहा मिनिटं आमच्या मशीनबद्दल कुणी बोललंच नाही. कुणाच्या पोरानं कुठल्या बागेत पाणी कसं सोडलं, हेच चाललं होतं. मग आण्णा इर्शादभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “राहू दे मशीन. हंगामभर राहू दे. आणि या मंडळींचं तुम्ही बघून घ्या.” इर्शादभाईंनी तिथल्या तिथं सहा जणांची नावं लिहून घेतली.

मंडळी चहाला गेली तशी मी मालनआक्काला अंगणात गाठलं. टॉवेल सोडून ती तोंड पुसत होती.

“आक्का, एक विचारू? रागावू नका. मला वाटत होतं, तुम्हाला हे मशीन नकोच आहे.”

“नगो कशानं?” ती माझ्याकडं बघतच राहिली. “आठ-आठ तास मान मोडून बसतोय आम्ही. डोळ्यातनं पाणी गळतंय. काड्या ह्यानं काढल्या तर वरची निवड आम्ही हसत-खेळत करू.”

“मग सगळ्यांसमोर लाईट का घालवलीत?”

“बघ पोरी. काडीचा माल पेटीत गेला तर आण्णा मशीनला बोलत न्हाईत, आमाला बोलत्यात. तीनदा सांगितलं त्या इर्शादला, त्येनं मनावरच घेतलं न्हाई. आन ती चौदा माणसं आली हुती न्हवं, त्यांच्या युनिटात बी आमच्यासारख्याच बाया हायत. त्यांच्या गळ्यात काय बांधताय ते नगो बघायला?” तिनं टॉवेल झटकला. “तू ‘नगो’ म्हणली असतीस, तर मी आण्णास्नी मशीन परत लावून द्या म्हणून सांगणार हुते.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. उपाध्ये सर.

“शर्वरी, ही म्हणते तू कुठल्या तरी फायलीला हात लावलास.”

मी सगळं सांगितलं. वायर, क्रम, सेकंदाचा दहावा भाग, सगळं.

“कार्ड जागं केल्यावर वाटणी लिहिली होती मी?”

“हो, सर.”

“मीच?”

“हो, सर.”

सर हसायला लागले. मागून काकूंचा आवाज आला, “हसू नका, डोळ्याला ताण येतो!” तरी ते हसतच होते. “चांगलं केलंस,” ते म्हणाले. “पण तुला लाईटचं सुचलं कसं?”

“मला नाही सुचलं. इथं मालनआक्का आहेत, त्यांनी सांगितलं.”

“त्यांना फोन दे.”

मालनआक्कानं हात परत एकदा पुसले आणि फोन कानापासून वीतभर लांब धरला. “हां, नमस्कार… व्हय, मीच ती… अजून? अजून मस्त दिसलंय की. लिवून घेतासा?… अगंबया, पट्टी हाय व्हय डोळ्याला? मग असू दे, ह्या पोरीला लिवू दे.” ती माझ्याकडं वळली. “कागद घे.”

कागद कुठला? क्रेटवर चिकटवायची लेबलं होती, त्यांचा गठ्ठा घेतला आणि पायरीवर बसले. दुसरी पन्हळ लांबट दाण्याला अरुंद पडते. जरासा तांबूस दाणा चांगला असूनही उडतो. दुपारी पश्चिमेचं दार उघडं राहिलं की उन्हानं पहिला कॅमेरा दिपतो. बटणांवर सगळं इंग्रजीत, मग बायांनी कसं वाचायचं. ती एकेक सांगत होती, सर पलीकडून काही विचारत होते, ती त्याचं उत्तर देत होती आणि मला म्हणत होती, “हे बी लिव.” दोघं जवळजवळ पाऊण तास बोलत होते.

सात चुका निघाल्या. तीन सरांच्या होत्या, दोन इर्शादभाईंच्या. उरलेल्या दोन माझ्या. त्या लिहिताना माझं अक्षर आपोआप बारीक झालं असावं, कारण मालनआक्कानं फोनवर हात ठेवला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

“मोठं लिव की जरा,” ती म्हणाली. “पट्टी सुटली की त्यास्नी वाचायला याय पायजे.”